गरिबी नक्की कशाला म्हणायचं, आणि आपल्यासारख्याने करायचं तरी काय?

जास्वंदी | सोमवार, रात्री ९:४०

परवा भावाशी कडाक्याचं वाजलं. विषय तसा साधा. पगार झाला की मी एक ठरावीक रक्कम बाजूला काढते आणि कोणाला ना कोणाला देते. कधी एखादी संस्था, कधी कोणाची फी, कधी ओळखीतल्या कोणाचं ऑपरेशन. बारा वर्षं झाली, एक महिना चुकलेला नाही. भाऊ म्हणाला, "तू हे त्यांच्यासाठी करत नाहीस, स्वतःला शांत झोप लागावी म्हणून करतेस. बारा वर्षांत तुझ्या पैशांनी गरिबीतून बाहेर पडलेला एक माणूस सांग."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. एक नाव आठवेना.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. गरीब म्हणजे नक्की कोण? माणूस गरिबीतून बाहेर पडतो म्हणजे काय होतं? आणि ज्याच्या हातात ना सत्ता ना गडगंज पैसा, अशा माणसाने काय केलं तर खरंच फरक पडतो? अनुभव असतील तर जास्त आवडेल. पक्षांची नावं नकोत, धागा बंद पडेल. आणि "शिक्षण हाच उपाय" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

शेवटचा_बाक | सोमवार, रात्री ९:४३

शिक्षण हाच उपाय.

(पळतो.)

हिशेबनीस | सोमवार, रात्री १०:१५

पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो. जागतिक बँकेने १९९० मध्ये "दिवसाला एक डॉलर" ही रेषा आणली. महागाईनुसार ती सरकत गेली. २०२२ मध्ये २.१५ डॉलर झाली आणि जून २०२५ पासून ३ डॉलर आहे. त्याखाली आज जगात सुमारे ८० कोटी माणसं आहेत.

एक गैरसमज आधीच दूर करतो. हे बाजारातल्या विनिमय दराचे डॉलर नव्हेत. अमेरिकेत तीन डॉलरला जेवढं काही विकत मिळतं, तेवढंच आपापल्या देशात घ्यायला जितके पैसे लागतील, तितके. म्हणजे "अहो, गरीब देशांत स्वस्ताई असते" हे वाक्य इथे चालत नाही. ती स्वस्ताई हिशेबात आधीच धरलेली आहे.

उलटतपासणी | सोमवार, रात्री १०:३२

म्हणजे ज्याला तीन डॉलर दहा सेंट मिळतात तो सुटला? अभिनंदनाचं पत्र पाठवायचं का त्याला?

रेषा सरकारांना सोयीची असते म्हणून आहे. ॲडम स्मिथने १७७६ सालीच लिहून ठेवलंय की लिननचा सदरा काही जगायला लागत नाही, पण त्याच्या काळात साध्या मजुरालाही तो नसेल तर चारचौघांत जायची लाज वाटेल, म्हणून तो गरजेचाच धरायचा. चारचौघांत जाता न येणं ही गरिबी कुठल्या रेषेत मोजणार? आज तो सदरा म्हणजे मोबाइल. नसेल तर कामाचं बोलावणंच येत नाही.

हिशेबनीस | सोमवार, रात्री १०:५०

मान्य. रेषा मोजायला आहे, समजून घ्यायला नाही. म्हणूनच २०१० पासून ऑक्सफर्डचा एक गट आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम मिळून बहुआयामी निर्देशांक काढतात. त्यात उत्पन्न विचारतच नाहीत. घरातलं मूल दगावलंय का, कोणी कुपोषित आहे का, मुलं शाळेत जातात का, चूल कशावर पेटते, पाणी किती लांब, संडास, वीज, घर, असे दहा निकष. प्रत्येक निकषाला कमी-जास्त वजन असतं; वजनाने एक तृतीयांश किंवा जास्त निकषांत उणीव निघाली तर ते घर गरीब. या मोजणीने आकडा ११० कोटींच्या वर जातो.

खडूस_काकू | मंगळवार, सकाळी ७:०५

स्पष्ट बोलते, राग मानू नका. निम्मी गरिबी हातावर हात धरून बसल्याने आणि उरलेली बाटलीने येते. मी आयुष्यभर माणसं पाहिली आहेत. जास्वंदी, तुझा भाऊ शहाणा आहे.

शेवटचा_बाक | मंगळवार, सकाळी ७:२०

काकू आल्या. खुर्च्या आवरा.

रात्रपाळी | मंगळवार, पहाटेची पाळी संपवून

काकू, राग नाही. पण एक वही दाखवतो.

माझे बाबा रंगारी होते. आईची एक वही होती, माझ्या जुन्या गणिताच्या वह्यांची कोरी पानं काढून दोऱ्याने शिवलेली. डाव्या बाजूला येणं, उजव्या बाजूला देणं. डावीकडे एकच नाव, मुकादमाचं. त्याच्यापुढे तारीख, ती खोडून दुसरी, ती खोडून तिसरी. उजवीकडे अकरा नावं. आई पेन्सिलने लिहायची. देणं फिटलं की रबराने पुसायची, म्हणजे ती ओळ परत वापरता यायची. काही ओळी इतक्यांदा पुसल्या होत्या की कागद आरपार दिसायचा. मुकादमाच्या तारखा मात्र ती पुसत नसे. त्यांवर फक्त काट मारायची.

बाबा एक दिवस घरी बसले नाहीत. पैसे मात्र "पुढच्या शनिवारी" यायचे. मी नववीत असताना ते परांचीवरून पडले. सहा आठवडे खाट. तेव्हा मुकादमाकडे तीन आठवड्यांची मजुरी अडकलेली होती. आईने शिलाई मशीन विकलं. त्या मशीनवर ती कपडे शिवून दोन पैसे कमवायची.

मशीन गेलं त्या दिवशी आम्ही गरीब झालो. त्याआधी फक्त तंगीत होतो. मुकादमाने तीन आठवड्यांचे हक्काचे पैसे तेव्हा दिले असते तर मशीन राहिलं असतं.

कोणी मदत केली नाही का? केली. एका भल्या माणसाने जुने कपडे आणून दिले. चांगले होते. मापाचे करायला मशीन नव्हतं.

मीमाउली | मंगळवार, सकाळी ९:३०

रात्रपाळी... काही लिहायला सुचत नाहीये.

पाटीपेन्सिल | मंगळवार, सकाळी ११:१०

वहीवरून दोन गोष्टी आठवल्या.

एक. सीबोम राउंट्री या चॉकलेट कारखानदाराने १८९९ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात कामगारांच्या घरोघर चौकशी करवली. चौथ्या हिश्शाहून जास्त शहर गरिबीत निघालं. ज्यांची मिळकत जगायलाच पुरत नव्हती, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिकांच्या घरी कमावता माणूस नेमाने कामाला जात होता. मजुरीच तुटपुंजी होती. काकूंच्या बाजूनेही सांगायला हवं: मिळकत कशीबशी पुरली असती पण भलतीकडे गेली, असाही मोठा गट त्यांना दिसला, आणि तिथे त्यांनी दारूचं नाव घेतलंय. त्यांना आणखी एक दिसलं. मजुराचं आयुष्य वर-खाली होत जातं: लहानपणी तंगी, कमवायला लागला की थोडा श्वास, स्वतःची मुलं लहान असताना पुन्हा तंगी, मुलं हाताशी आली की जरा बरं, म्हातारपणी परत तेच. गरीब म्हणजे कायमची वेगळी जात नव्हे, हे सव्वाशे वर्षांपूर्वी कळलेलं आहे.

दोन. जोनाथन मॉरडक आणि सहकाऱ्यांनी बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेत अडीचशेहून अधिक घरांचे वर्षभराचे जमाखर्च टिपले, दर पंधरवड्याला घरी जाऊन. त्यातून कळलं ते असं, की "दिवसाला दोन डॉलर" ही नुसती सरासरी असते. दोन डॉलर रोज येतच नाहीत. एक दिवस पाच येतात, मग आठवडाभर काही नाही. म्हणून ही माणसं सतत उसनवारी, भिशी, कोणाकडे ठेव, कोणाची ठेव, असं चालवत असतात. ज्याच्याकडे पैसा कमी, त्याला पैशांचे व्यवहार जास्त करावे लागतात. रात्रपाळींच्या आईंची अकरा नावं म्हणजे तेच.

हिशेबनीस | मंगळवार, दुपारी १२:०५

+१. त्यात भर: अनिरुद्ध कृष्ण यांनी भारत, केनिया, युगांडा, पेरू आणि अमेरिकेत मिळून ३५ हजारांहून जास्त कुटुंबांचा मागचा प्रवास तपासला. एकाच गावात, एकाच काळात काही घरं गरिबीतून वर येतात आणि काही नव्याने खाली पडतात. पडण्याचं सगळ्यांत मोठं कारण आजारपण आणि त्याचा खर्च. आपण सगळे शिडी लावायच्या गोष्टी करतो, मागच्या दाराने किती पडतायत ते मोजत नाही.

खडूस_काकू | मंगळवार, दुपारी ३:४०

वहीचं वाचून गप्प झाले होते. माझ्याकडून "हातावर हात" वाला शब्द मागे घेते, रात्रपाळी.

पण बाटलीचा नाही. रोख पैसा हातात दिला की तो कुठे जातो ते मला ठाऊक आहे. द्यायचंच तर वस्तू द्यावी.

हिशेबनीस | मंगळवार, दुपारी ४:१५

काकू, यावर तपास झालाय. जागतिक बँकेच्या इव्हान्स आणि पोपोव्हा यांनी २०१४ मध्ये रोख मदतीवरचे १९ अभ्यास एकत्र पाहिले. दारू-तंबाखूचा खर्च वाढल्याचं जवळजवळ कुठेच दिसलं नाही, काही ठिकाणी कमीच झाला. पिणारा पितोच, हे खरं. पण मदत मिळाली म्हणून प्यायला लागला, हे आकड्यांत दिसत नाही.

शेवटचा_बाक | मंगळवार, दुपारी ४:२२

बोनस मिळाल्यावर आम्ही नोकरदार काय करतो यावर कृपया कोणी अभ्यास करू नये.

उलटतपासणी | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

सगळं गोड चाललंय, पण मुद्दा निसटतोय. चाळीस वर्षांत चीनमध्ये ८० कोटींच्या आसपास माणसं अतिगरिबीतून बाहेर आली. ती कोणाच्या देणगीने नाही. शेतीतली मोकळीक, कारखाने, रस्ते, मजुरी. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी असं संयुक्त राष्ट्रांत १९७० साली ठरलं, आजवर मोजके देश सोडले तर कोणी पाळलेलं नाही. २०१५ मध्ये परत ठरवलं, २०३० पर्यंत गरिबी संपवू. कॅलेंडर बघा.

जास्वंदीताई, तुमचं दान म्हणजे समुद्रात चमचा. किमान वेतन, आरोग्य, पेन्शन यांसाठी जो भांडेल त्याला मत द्या, कर चुकवू नका, बाकी झोप येत असेल तर चमचा चालू ठेवा.

जास्वंदी | मंगळवार, रात्री ९:००

म्हणजे भाऊ बरोबर. धन्यवाद. :(

आजोबा_ऑनलाइन | मंगळवार, रात्री ११:५०

इतकं लवकर हरू नये, बेटा. (टंकलेखन हळू आहे, संध्याकाळपासून हेच लिहितोय.)

मी बँकेत पस्तीस वर्षं कारकुनी केली. निवृत्त झाल्यावर लक्षात आलं की आपल्याला जगात एकच गोष्ट नीट येते, ती म्हणजे फॉर्म भरणं. मंगळवार आणि शुक्रवार सकाळी वाचनालयाच्या पडवीत टेबल टाकून बसतो. पेन्शन, शिष्यवृत्ती, आजारपणाची मदत, जे असेल ते. उलटतपासणी म्हणतात तशा योजना असतातच हो, कागदावर. त्या कागदापासून माणसापर्यंतचं अंतर कोणी चालायचं?

एक बाई आल्या. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. तीन कागदांवर त्यांचं नाव तीन तऱ्हेने लिहिलेलं, म्हणून चार वर्षं पैसे अडकलेले. चार फेऱ्या आणि एक प्रतिज्ञापत्र, इतकंच काम होतं. एका फेरीला त्यांची दिवसाची मजुरी बुडते, माझी काहीच बुडत नाही. म्हणून तीन फेऱ्या मी मारल्या.

दुसरे एक गवंडी. बोटांचा ठसा मशीनला लागेना. सिमेंटने हाताच्या रेषाच झिजल्या होत्या. खिडकीतला माणूस म्हणे, "ठसा नाही तर माणूस नाही." ओल्या फडक्याने बोटं पुसली, जरा मलम चोळलं, पाचव्या खेपेला लागला. मशीनपेक्षा मीच मोठ्याने वाजलो.

मीमाउली | बुधवार, सकाळी ८:१५

आजोबा __/\\__

खडूस_काकू | बुधवार, सकाळी ८:५०

मी काल वस्तू द्यावी म्हटलं, पण रात्री मलाच एक आठवलं. मागे एकदा पुरानंतर आलेले कपडे निवडायला गेले होते. ट्रकच्या ट्रक. लग्नातले जरीचे झगे, उंच टाचेची एकच चप्पल (दुसरी कुठे गेली असेल?), घामाचे डाग तसेच असलेले शर्ट, आणि एक शेरवानी. पूर आलेल्या माणसाला शेरवानी! दोन दिवस आम्ही बारा बायका देणाऱ्यांचा कचरा निवडत होतो. तेवढ्या वेळात कितीतरी घरांतला गाळ काढून झाला असता.

तेव्हा माझा वस्तूंचा मुद्दाही मागे. वय झालं की मागे घ्यायची सवय लागते.

नवा_गडी | बुधवार, दुपारी १:००

माझा पहिलाच प्रतिसाद. मासा देण्यापेक्षा मासे पकडायला शिकवावं असं मला वाटतं. कौशल्य प्रशिक्षण आणि छोटी कर्जं.

रात्रपाळी | बुधवार, दुपारी १:३०

स्वागत. बाबांना रंगकाम येत होतं. आईला शिवणकाम येत होतं. शिकायचं काय राहिलं होतं?

पाटीपेन्सिल | बुधवार, दुपारी २:४५

नवा_गडी, बिचकू नका, हा प्रश्न पुष्कळांनी तपासलाय. छोट्या कर्जांवर सहा देशांतले सहा काटेकोर अभ्यास २०१५ मध्ये एकत्र छापले गेले. थोडा फायदा होतो, आयुष्य पालटत नाही, असा एकूण निष्कर्ष. ज्याला धंदा करायचाच होता त्याला उपयोग, बाकीच्यांना आणखी एक हप्ता.

जे चाललं ते वेगळं आहे. बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेने २००२ मध्ये अतिगरीब बायकांसाठी सुरू केलं: एखादं जनावर किंवा छोट्या धंद्याचं भांडवल फुकट, ते सांभाळायचं प्रशिक्षण, पोटासाठी काही महिने थोडी रोख रक्कम (म्हणजे जनावर विकावं लागू नये), बचत, आणि नेमाने घरी येणारा माणूस. दोनेक वर्षं. हाच साचा इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान, पेरूमध्ये दहा हजारांवर घरांत तपासला. कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावरही बहुतेक ठिकाणी फरक टिकून होता. कंसातलं वाक्य परत वाचा. शिलाई मशीन विकावं लागू नये, ही तरतूद त्यात आधीच आहे.

नवा_गडी | बुधवार, दुपारी ३:१०

वाचलं. पण फुकट दिलेल्याची किंमत राहत नाही असंही म्हणतात ना?

हिशेबनीस | बुधवार, दुपारी ३:४०

म्हणतात खरं. पश्चिम केनियात जेसिका कोहेन आणि पास्कलिन ड्युपा यांनी गरोदर बायकांना मच्छरदाण्या काही दवाखान्यांत फुकट आणि काही ठिकाणी अगदी थोड्या किमतीला दिल्या. किंमत वाढत गेली तशा घेणाऱ्या बायका धडाधड कमी झाल्या. आणि फुकट मिळालेल्यांनी ती विकत घेणाऱ्यांपेक्षा कमी वापरली, असं काही आढळलं नाही.

शेवटचा_बाक | बुधवार, दुपारी ३:४४

ऑफिसातून फुकट मिळालेली बॅग मी नऊ वर्षं वापरतोय. माझ्यावर पेपर लिहा.

उलटतपासणी | बुधवार, संध्याकाळी ७:२०

आजोबांना उत्तर द्यायचं राहिलं. मी धोरण-धोरण करत होतो, आणि धोरण आणि माणूस यांच्यामध्ये एक टेबल लागतं हे विसरलो होतो. शुक्रवारी अजून एक खुर्ची टाकता येईल का? इंग्रजी अर्ज आणि माहिती अधिकाराचे कागद मी बघेन.

आजोबा_ऑनलाइन | बुधवार, रात्री ९:५५

खुर्ची आहे. पाय एक डुगडुगतो. साडेनऊला या.

रात्रपाळी | गुरुवार, सकाळी ६:५०

जास्वंदीताई, तुम्ही परत आला नाहीत. एक विचारू? वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही कोणाला काय देता ते कळलं. तुमच्याकडे कोणाचं काही अडकलंय का?

जास्वंदी | शुक्रवार, रात्री १०:२०

रात्रपाळी, तुमचा प्रश्न वाचून आधी राग आला. मी कोणाचे पैसे बुडवत नाही, घरी कामाला येणाऱ्या ताईंना एक तारखेला पगार देते, सुट्टीचेही कापत नाही. मग आठवलं की मी दिवसभर काय काम करते.

मी एका कंपनीत हिशेब विभागात आहे (नाव लिहीत नाही). बिलं पास करते. आमच्याकडे "साठ दिवस" असा नियम आहे आणि छोट्या लोकांची बिलं नव्वदवर गेली तरी कोणी विचारत नाही, कारण छोटे लोक ओरडत नाहीत. आज सकाळी यादी काढली. सफाईच्या कंत्राटदाराचं बिल सत्तेचाळीस दिवसांपासून पडून. दोन सह्या लागतात. त्यातली एक माझी.

का नव्हती केली? काहीच कारण नव्हतं. ट्रेमध्ये खाली गेलं होतं. त्याच्याकडे चौदा बायका काम करतात. आमचाच मजला झाडतात. त्यांतल्या एकीच्या मुलीची फी मागच्या वर्षी मी माझ्या त्या बाजूला काढलेल्या पैशांतून भरली होती. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

आज सही केली, दुसरी सही मागे लागून घेतली, चार वाजता पैसे गेले. कंत्राटदाराला फोन केला आणि बायकांना कधी देणार ते विचारलं. तो आधी गडबडला. मग उद्या म्हणाला.

पाटीपेन्सिल | शुक्रवार, रात्री १०:४०

ताई, या धाग्यातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रतिसाद हा. देणगी चालू ठेवा, तीही लागतेच.

रात्रपाळी | शनिवार, सकाळी ७:००

चौदाही जणींना मिळाले का? आणि हे या महिन्यापुरतं की दर महिन्याला?

जास्वंदी | शनिवार, दुपारी १२:३०

बारा जणींना मिळाले. दोघी आज कामावर नव्हत्या, सोमवारी विचारते. दर महिन्याचं म्हणाल तर छोट्या कंत्राटदारांना पंधरा दिवसांत पैसे, असा प्रस्ताव लिहून दिलाय. साहेबांच्या टेबलावर आहे. ते म्हणाले, बघू.

शेवटचा_बाक | शनिवार, दुपारी १२:३४

"बघू" म्हणजे साठ दिवस.

खडूस_काकू | शनिवार, दुपारी १:१५

साहेबांचं नाव नको सांगूस. ते सह्या सकाळी करतात की जेवणानंतर, तेवढं सांग.